बैल लंगडला तर खूर बघतो, माणूस लंगडला तर पाप

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पाण्याचा, वीजबिलाचा, कापसाच्या भावाचा विषय सोडून आज हा कुठला विषय काढला, असं काही जणांनी बैठकीला बसता बसताच विचारलं. विषय आहे आपल्या म्हणींचा, कहाण्यांचा, जुन्या समजुतींचा. आणि त्यांच्यापायी आपल्या घरातल्या, भावकीतल्या आंधळ्या, पांगळ्या, मुक्या, बहिऱ्या, कमी समज असलेल्या माणसांची जी गत होते, तिचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. देशात २ कोटी ६८ लाख, आणि त्यातले दहातले सात खेड्यात राहणारे. म्हणजे हा शहरातल्या संस्थांचा विषय नाही, आपलाच आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, कुठल्याही गावात दहा उंबरे फिरा, एका तरी घरात असा माणूस आहे. आपल्या बैठकीला मात्र तो नसतो. का नसतो, तेवढंच आज बोलायचं आहे.

'तो' नाही, 'ती' नाही, 'ते'

आधी आपली जीभ तपासू. धडधाकट गडी असला की आपण 'तो' म्हणतो, बाई असली की 'ती'. पण डोळे गेले की तेच माणूस 'आंधळं' होतं. पाय गेला की 'पांगळं', बोलता येत नसलं की 'मुकं', समज कमी असली की 'खुळं'. चाळीस वर्षांचा बाप्या, घरात दोन लेकरं, तरी गाव म्हणणार, "ते लंगडं आलं बघ." लेकराला आणि वासराला जे लिंग लावायचं ते आपण या माणसाला लावतो. त्याला पुरतं माणूस धरायचं नाही, हे आपल्या व्याकरणानंच ठरवून टाकलेलं आहे.

म्हणींचं तेच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वासरांत लंगडी गाय शहाणी. नसण्यापेक्षा काणा मामा बरा. एकाही म्हणीत या माणसाचं कौतुक नाही. एका म्हणीकडं मात्र नीट बघा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपण ही म्हण हसत हसत वापरतो. पण तिच्यात काम कोण करतंय? आंधळी बाई करतेय. जातं तिच्या हातात आहे, घराची भाकरी तिच्या दळण्यावर आहे. पीठ चोरतंय कुत्रं. आणि डोळस घरदार बसून बघतंय, कुणी उठून कुत्र्याला हाकलत नाही. तरी म्हणीचं हसं होतं ते दळणारीचं! आपण राबायचं, पिकवायचं, आणि माल भलत्यानंच खायचा, वर शहरातल्या माणसानं म्हणायचं की शेतकऱ्याला हिशेबच येत नाही. या म्हणीतलं दळणारं माणूस कोण, हे शेतकऱ्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

देवी, वारं आणि ग्रहण

दुसरी गोष्ट कारणाची. आपल्याकडं अपंगपण कशामुळं येतं, याचं उत्तर डॉक्टरच्या आधी लोककथेनं देऊन ठेवलेलं असतं.

मोठ्या आजारातून उठलेल्या किती माणसांचे डोळे पूर्वी गेले! त्या आजाराचं नावच आपण 'देवी' ठेवलं होतं. देवी आल्या, डोळे घेऊन गेल्या. मग लस आली. लस टोचायलाही आपण 'देवी टोचणं' म्हटलं, पण टोचून घेतल्या. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी राहिला नाही. मंदिरातल्या देवीचं त्यानं काही बिघडलं नाही, आणि लेकरांचे डोळे मात्र वाचले. पोलिओचंही तसंच. पाय लुळा पडला की 'वारं गेलं' म्हणायचं. अंगावरून वारं गेलं, बाहेरचं काही बाधलं, मग अंगारा आणि उतारा. भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. वारं आजही वाहतं, आटपाडीच्या माळावर तर चांगलंच वाहतं. पण पोलिओनं लेकरांचे पाय जायचे थांबले.

तिसरं ग्रहण. गरोदर बाईनं ग्रहणात विळी धरली, भाजी चिरली, की लेकराचा ओठ फाटका होतो, ही समजूत अजून घरोघर आहे. ग्रहणभर त्या बाईला कोंडून ठेवायचं, पाणीसुद्धा पिऊ द्यायचं नाही. ओठाचं शास्त्र असं, की पोटातल्या गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांच्या आतच जुळून येतो आणि टाळू तिसऱ्या महिन्याच्या आसपास. बाईचं पोट दिसायला लागतं तोवर ओठाचं काम उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं झालेलं जोडकाम उसवत नाही. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात आपल्याच वाळवा तालुक्यातल्या एका गरोदर बाईनं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांच्या साथीनं चारचौघांसमोर भाजी चिरली, फळं कापली. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसं, एका वाफ्यावरून वाणाची शिफारस करत नाही. एका बाईच्या उदाहरणानं शास्त्र सिद्ध होत नाही, शास्त्र आधीच सिद्ध आहे. पण त्या बाईनं शेजारच्या दहाजणींची भीती मोडली, ती किंमत वेगळी.

या समजुतीचा खरा त्रास पुढं आहे. लेकरू फाटक्या ओठाचं जन्मलं की सगळं घर आईकडं बोट दाखवतं. तूच विळी धरली असशील. ती बापडी आयुष्यभर स्वतःला खाते. आणि ओठ शिवता येतो, हे सांगायला कुणी येत नाही.

ज्वारीच्या काणीचं उदाहरण घ्या. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. कुणी म्हणायचं दृष्ट लागली, कुणी म्हणायचं शेतावर कोप झाला. ती बियाण्यावरून येणारी बुरशी आहे, हे कळल्यावर किलोला चार ग्रॅम गंधक चोळून आपण पेरायला लागलो आणि काणी आटोक्यात आली. पिकाच्या बाबतीत आपण इतके शहाणे झालो. बैल लंगडला तर आपण त्याच्या मागच्या जन्माची चौकशी करत नाही, खूर उचलून बघतो, काटा आहे का, खुरकूत आहे का. माणूस लंगडला की मात्र खूर बघायचं सोडून पाप बघतो.

पाप म्हटलं की लपवणं आलं

हे पाप आलं कुठून? एक मोठा प्रवाह कीर्तन-भारुडातून आला. एकनाथ महाराजांची भारुडं आपण जत्रेत ऐकतो. त्यात बहिऱ्याचं भारूड आहे, मुक्याचं आहे. बहिरा सांगतो की हरिकीर्तन ऐकलं नाही म्हणून मी बहिरा झालो. आता नाथांचा रोख कुणावर होता? कान धड असून जो ऐकत नाही त्याच्यावर. ते रूपक धडधाकटांसाठी बांधलेलं होतं. धडधाकटांनी ते मोठ्या चलाखीनं स्वतःच्या अंगावरून झटकलं आणि खऱ्या बहिऱ्याच्या कपाळी मारलं. ज्या नाथांनी वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं असं आपण सांगतो, त्यांच्या नावावर बहिऱ्याला पापी ठरवणं शोभतं का, याचा विचार व्हावा.

दुसरा प्रवाह कहाण्यांचा. आदित्य राणूबाईच्या कहाणीत हातपाय नसलेला, एका डोळ्यानं काणा असा एक देह वाटेत पडलेला भेटतो. त्याला कहाणी ऐकवतात आणि त्याला हातपाय येतात. बाया मनोभावे ऐकतात, त्यात वाईट काही नाही. पण असल्या गोष्टींत अपंगाला एकच वाट असते, बरं व्हायची. हातपाय नसलेलाच राहिला, आणि तरी त्याला घरात मान मिळाला, रानात वाटा मिळाला, अशी कहाणी आम्हाला आजवर भेटली नाही. मग ज्याला हातपाय आले नाहीत त्याच्याबद्दल गाव काय म्हणणार? याची भक्ती कमी, याचं मागचं देणं जास्त.

आणि पाप म्हटलं की लपवणं आलं. घरात न बोलणारी पोर आहे हे कळलं तर थोरलीचं लग्न मोडेल, म्हणून पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत घालायचं. 'मुकं' ज्याला म्हणतो ते लेकरू बहुतेक वेळा मुळात बहिरं असतं. त्याला ऐकूच येत नाही, म्हणून बोलता येत नाही. ऐकू येत नाही हे पहिल्या वर्ष-दोन वर्षांत ओळखलं, तर यंत्र आहे, शिक्षण आहे, हाताच्या खुणांची पुरती भाषा आहे. जन्मतः वाकडा पाय पहिल्या महिन्यांत प्लास्टर घालून बहुतांशी सरळ होतो. पेरणीची वेळ टळली की काय होतं हे जिरायत शेतकऱ्याला सांगायला नको. लपवलेल्या लेकराची वेळ अशीच टळते, आणि मग आपणच म्हणतो, बघा, याच्या नशिबातच नव्हतं.

खऱ्या कारणांवर मात्र लोककथा गप्प आहे. मामाच्या पोरीवर हक्क सांगायची आपली रीत आहे, जात्यावरच्या ओव्यांतही तिचं कौतुक. जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्नं होत गेली की जन्मजात बहिरेपणासारख्या काही दोषांचा धोका वाढतो. नवजात लेकराची कावीळ वाढत गेली तर तिनं कान आणि मेंदू दोन्ही जाऊ शकतात, आणि दवाखान्यात निळ्या उजेडाखाली ठेवून ती आटोक्यात येते. आपण मात्र माळ घालून कावीळ उतरायची वाट बघतो. फेफरं आलं की कांदा आणि चप्पल हुंगवतो. फेफऱ्याला रोजची गोळी आहे, आणि ती नेमानं घेणारा बहुतेक माणूस रानात काम करतो.

एक तर पायाखाली, नाहीतर देव्हाऱ्यात

कुणी म्हणेल, आपली परंपरा अपंगाला हिणवते असं नाही, पूजतेसुद्धा. खरं आहे. वशिंडापाशी पाचवा पाय लोंबणारा बैल दारात आला की आपण त्याला सूप भरून धान्य घालतो. तसलंच माणसाचं. कुणाला समज कमी असली, तो असंबद्ध बोलायला लागला, की कुणीतरी त्याला बाबा करतं. त्याच्या बडबडीतून मटक्याचा आकडा काढतं, त्याच्यापुढं पेटी ठेवतं. पेटीतले पैसे त्या बाबाचे नसतात, बसवणाऱ्याचे असतात. पायाळू माणसाचं बघा. पायाकडून जन्मला एवढीच त्याची वेगळी गोष्ट. त्याचा पाय लावला की उसण जाते इथपासून त्याला जमिनीतलं पाणी आणि गुप्तधन दिसतं इथपर्यंत समजुती आहेत. दुष्काळी मुलखात विहिरीच्या आशेनं माणूस काय काय करतो हे आम्हाला कळतं. पण गुप्तधनाच्या नादानं माणसांचे जीवही गेलेले आहेत.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या असल्या धंद्यांविरुद्ध कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. मतिमंद माणसात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याचा धंद्यासाठी वापर करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, धुरी देणं हाही गुन्हा आहे.

सरकारी कागदावरही शब्द बदलला. अपंग गेला, २०१५ नंतर 'दिव्यांग' आला. शब्द गोड आहे. पण माणसाला दिव्य म्हणून देव्हाऱ्यात बसवलं काय आणि पापी म्हणून ओसरीवर बसवलं काय, दोन्हीकडं तो आपल्या पंगतीत नाही. त्याला आपल्या शेजारी पाट हवा आहे.

आता आपल्या स्वतःच्या कथेकडंही बघायला हवं. बळीराजा आपला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीची बाजू मांडली, आणि वामन म्हणजे फसवणूक हे आपण तिथून शिकलो. पण गोष्ट सांगताना वामनाच्या ठेंगणेपणावर हशा होतो, आणि तो हशा गावातल्या ठेंगण्या माणसाच्या वाट्याला जातो. आपला राग तीन पावलांच्या लबाडीवर आहे, कुणाच्या उंचीवर नाही. मेळाव्यात वगनाट्य बसवणाऱ्या पोरांनी एवढं जपावं. लबाड दाखवायचा म्हणून लंगडत चालवायचा, हसवायचं म्हणून तोतरं बोलवायचं, ही सवय टीव्हीवरच्या शकुनीलाही सुटली नव्हती. आपल्या पोरांना सुटू शकते.

भाकरी देऊ, पण वाटा नाही

या सगळ्या गोष्टींचा शेवट कुठं होतो? सात-बाऱ्यावर. मनुस्मृतीत जन्मांध, बहिरा, मुका, वेडा यांना वाटणीतून वगळलेलं आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावं, वाटा देऊ नये. ही नुसती पोथी नव्हती, इंग्रजांच्या कोर्टातही हिंदू कायदा म्हणून ती चालली. १९२८ च्या कायद्यानं ते बरंचसं मोडलं, तरी जन्मापासून वेडा किंवा अगदी मंद असलेल्याला तेव्हाही वगळलंच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ नं तेही गेलं. रोग, व्यंग, विद्रूपता यांच्या कारणावरून कुणाचाही वारसा नाकारता येत नाही.

कायदा होऊन इतकी वर्षं झाली. पण वाटणीपत्र लिहिताना अजून काय होतं? तिघा भावांतल्या आंधळ्याला विचारतात, "तुला रान काय करायचं? आम्ही हायच की, भाकरी देऊ." चारचौघांत ते मायेचं वाटतं. त्याचा अंगठा घेतात. थोरला आहे तोवर भाकरी नीट मिळते. थोरला गेला, सुना-नातवंडांचं राज्य आलं, की तोच चुलता गोठ्याशेजारी झोपतो. आंधळी, मुकी बहीण असेल तर तिला बाई म्हणून एकदा वगळायचं आणि अपंग म्हणून दुसऱ्यांदा. पोथी गावात कुणी वाचलेली नाही, पण पोथीचा निकाल गोष्टींतून सगळ्यांना पाठ आहे.

आणि उद्या ती पाळी कुणावर येईल, सांगता येत नाही. कडबाकुट्टीत बोटं जातात, मळणीयंत्रात हात जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्यांनी मागच्या जन्मी काय पाप केलं होतं? पोटासाठी पाठीवर पंप घेतला होता, एवढंच.

येरळेवर बळीराजा धरणाचा लढा १९८० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा खानापूर तालुक्यातल्या माणसांनी एक गोष्ट देशाला शिकवली. पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, प्रत्येक घराला वाटायचं, भूमिहीनालाही. त्याच न्यायानं पुढं चला. घराला वाटा म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसाला वाटा. जो डोळ्यानं बघत नाही त्यालाही पाणी लागतं आणि त्यालाही मत आहे.

काय करायचं

बैठकीपुढं आम्ही पाच कामं ठेवतो.

एक. शाखेच्या गावात अपंगांची यादी करा, लपवलेल्यांसह. बायकांना सोबत घ्या, मागच्या खोलीचं दार त्यांनाच उघडतं. प्रत्येकाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र झालं का बघा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. ठेंगणेपण आणि सिकलसेलसुद्धा त्यात येतात.

दोन. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून हिशेब मागा. तो मागायला अपंगांनाच पुढं करा, आपण मागं उभं राहू.

तीन. अपंग भावा-बहिणीचं नाव वगळणाऱ्या वाटणीपत्रावर संघटनेच्या कार्यकर्त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही. ज्याची समज कमी आहे त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करावा लागतो. अंगठा घेणं हा त्यावरचा उपाय नाही.

चार. लहान लेकरांची तपासणी वेळेवर करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. फाटका ओठ, वाकडा पाय, कमी ऐकणं यांवर सरकारी खर्चानं उपचार होतात. शेतीच्या अपघातात हात, पाय किंवा डोळा गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात लगेच भरा.

पाच. नावानं हाक मारा. चारचौघांत अपंगाचा जाणूनबुजून अपमान केला तर २०१६ च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पण पोलिसांच्या भीतीनं नको. ज्याला आईबापानं नाव ठेवलंय त्याला त्या नावानं बोलवायला पैसा लागत नाही आणि पाऊसही लागत नाही.

म्हणी टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. त्या आपल्या आज्यांनी ठेवलेल्या आहेत. पण आज्यांनी ठेवलेलं बियाणंही आपण निवडूनच पेरतो, कीड लागलेलं बाजूला काढतो. यंदा दिवाळीच्या पाडव्याला घराघरांतून ओवाळताना आयाबहिणी म्हणतील, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. तेव्हा ओवाळायला बसलेल्यांच्या ओळीत घरातला तो चुलता आहे का, ती बहीण आहे का, एवढं बघा. नसतील तर आधी त्यांना आणून बसवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक शाखेनं यादी घेऊन यावं. आणि यादीतलं एक तरी माणूस सोबत आणावं, बोलायला.